७ बाय ९ चं किचन: हॉलकडची भिंत पूर्ण काढावी का? (मुलुंड, इमारत २२ वर्षं जुनी)

तुळशीकट्टा

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, सात मजली इमारतीत चौथा मजला. दिवाळीनंतर किचन आणि हॉलचं काम काढायचं आहे.

किचन ७ फूट रुंद, ९ फूट लांब. हॉल १० बाय १५. फरशीपासून स्लॅब ९ फूट ३ इंच. दोन्हींमधली भिंत ९ फुटांची, प्लॅस्टर धरून साधारण ६ इंच जाड. तिच्या डोक्यावर बीम आहे, बीमचा तळ फरशीपासून ७ फूट १० इंचांवर. खिडकीपासून दूरच्या टोकाला अडीच फुटांचा दरवाजा. समोरच्या ९ फुटी भिंतीला ओटा, तोच वळून ७ फुटी भिंतीला खिडकीखालून हॉलच्या भिंतीपर्यंत जातो. सिंक खिडकीखाली, गॅस पाइपचा, मीटर खिडकीशेजारी.

इंटिरियरवाले म्हणतात भिंत पूर्ण काढू, तिच्या जागी आयलंड काउंटर, पांढरं क्वार्ट्झ, चार बर्नरचा हॉब, ९० सेंटिमीटरची चिमणी. चित्रात देखणं दिसतंय. पण आमच्याकडे आठवड्याला दोनतीनदा मासे तळले जातात आणि फोडणी तर रोजची. सासूबाई ७२ वर्षांच्या, उंची ४ फूट ११ इंच, पोळ्या अजून त्याच करतात. माझी उंची ५ फूट ४. भिंत काढता येते का, काढावी का, आणि ओटा नेमका किती उंच घ्यावा? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

लोखंडी_सळई

आधी ती भिंत कसली आहे ते ठरवा. २२ वर्षांची सात मजली इमारत म्हणजे कॉलम-बीमचा सांगाडा, आणि ६ इंच म्हणजे साडेचार इंची वीट अधिक दोन्हीकडचं प्लॅस्टर. वर बीम आहे म्हणजे स्लॅबचा भार बीम घेतो, भिंत फक्त भराव आहे. अशी भिंत काढता येते. (हल्लीच्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या सबंध काँक्रीटच्या भिंती असतात, त्यांना हात लावायचा नाही. हे वाचून तसल्या घरात कोणी छिन्नी चालवू नये म्हणून लिहिलं.)

तरी दोन ठिकाणी घात होतो. एक, भिंतीच्या टोकाला कॉलम लपलेला असतो. तुमच्याकडे तो बहुतेक खिडकीच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात असेल. प्लॅस्टर थोडं खरवडलं की वीट की काँक्रीट ते लगेच दिसतं. दुसरं, वायरिंगचे पाइप. हॉलचा स्विचबोर्ड त्याच भिंतीवर असेल तर आधी लाइन फिरवा, मग तोडकाम.

तोडताना ब्रेकर थेट लावू देऊ नका. आधी कटरने दोन्ही बाजूंनी सरळ रेष मारून घ्यायची, मग आतल्या विटा वरून खाली सुट्या करायच्या. नाहीतर उरलेल्या भिंतीला आणि शेजारच्या फरशांना तडे जातात. उघडा भाग ७ फुटांवर थांबवलात तर वर राहणाऱ्या १० इंच विटकामाला लिंटेल (विटा पेलणारी आडवी काँक्रीटची पट्टी) लागेल, दोन्ही बाजूंना किमान ६-६ इंच टेकणारा. त्यापेक्षा सरळ बीमच्या तळापर्यंत मोकळं करा. लिंटेलचा प्रश्न मिटतो आणि उंचीही मिळते. बीमला मात्र खाच नाही, आरपार भोक नाही, चिमणीच्या पाइपासाठी कोअर कटिंग तर मुळीच नाही.

कागदपत्रं: लायसन्सधारी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि नकाशा, त्यावर सोसायटीची लेखी परवानगी, आणि काम सुरू करण्याआधी टी वॉर्डात (महापालिकेच्या मुलुंडच्या ऑफिसात) चौकशी. फरशी आणि रंग ही दुरुस्ती झाली, भिंत काढणं हा इमारतीतला बदल आहे. इमारतीला ३० वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट येणारच, त्या वेळी हे पत्र फाइलीत असलेलं बरं. राडारोडा कचराकुंडीशी टाकू नका, महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, ते पैसे घेऊन उचलतात.

---

निळी_ज्योत

भिंत काढता येईल हे वर आलंच. काढावी का, याचं उत्तर माझ्या मते हवेच्या हिशेबात आहे.

तुमचं किचन आकारमानाने साधारण १६.५ घनमीटर. हॉल ३९ च्या आसपास. तळणीच्या स्वयंपाकाला तासाला १२ वेळा हवा बदलली पाहिजे असं धरलं तर बंद किचनला लागतात ताशी २०० घनमीटर. भिंत काढली की दोन्ही खोल्या एक, म्हणजे ६७०. आता चिमणीच्या खोक्यावरचा १२०० किंवा १४०० हा आकडा पाइप न जोडता मोकळ्या हवेत मोजलेला असतो. ८ फूट पाइप आणि दोन वळणं आली की त्यातला मोठा भाग गळतो. शिवाय पूर्ण वेग लावला तर आवाजामुळे हॉलमध्ये टीव्ही ऐकू येत नाही, म्हणून सगळे मधल्या वेगावर चालवतात. बोंबील तळल्याचा वास मग सोफ्याच्या कापडात आणि पडद्यात बसतो. चिमणी कमी पडते म्हणून लोक आणखी मोठी आणतात, पण चूक हवा कोंडण्यात असते. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यावी लागते. सगळ्या खिडक्या बंद करून एसी लावला की कोणतीही चिमणी ओढत नाही, आणि ओढली तर एसीची गार हवा बाहेर फेकते.

म्हणून किचन बंद करता आलं पाहिजे. रोज उघडं असू दे, तळणीच्या वेळी मिटलं पाहिजे. मग खिडकी ४-५ इंच उघडी, चिमणी चालू, वास जागच्या जागी.

चिमणीचा पाइप ६ इंच व्यासाचाच ठेवा, मधे ४ इंचाचा रिड्यूसर घालू देऊ नका. अॅल्युमिनियमचा पन्हाळीदार पाइप वळवायला सोपा, पण आतल्या घड्यांत तेल साचतं. सरळ लांबीला गुळगुळीत पीव्हीसी पाइप आणि फक्त टोकांना पन्हाळीदार, असं करून घ्या. खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी पत्रा बसवून त्यातून पाइप काढायचा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार आणि तोंडाला झडपेची टोपी. उतार नसेल तर जूनच्या पहिल्या वळवातच पाणी मोटरपर्यंत येतं. इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये पाइप सोडू नका, वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये धूर जातो. हॉबपासून चिमणीचा तळ २६ ते ३० इंचांवर. चार बर्नर घेऊ नका. ९० सेंटिमीटरच्या चार बर्नरवरही दोन मोठी भांडी आणि तवा मांडले की चौथ्याला जागा नसते. तीन बर्नरचा ७५ चा हॉब आणि ७५ चीच चिमणी पुरे.

गॅस: हॉब घेताना 'पीएनजीचे जेट' (पाइप गॅससाठीच्या बर्नरच्या तोट्या) असं बिलावर लिहून घ्या. सिलिंडरच्या गॅसचा दाब ३० मिलिबारच्या आसपास, घरगुती पाइप गॅसचा २१. सिलिंडरचे बारीक जेट तसेच राहिले तर ज्योत मिणमिणती राहते आणि कुकरला दुप्पट वेळ लागतो. पाइप किंवा मीटर हलवायचं तर महानगर गॅसकडेच अर्ज करायचा, घरच्या प्लंबरचं ते काम नाही. पाइप भिंतीत पुरायचा नाही, पीओपीत झाकायचा नाही, मीटर कपाटात आला तर दाराला जाळी. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, गळती झाली तर छताशी साठतो, म्हणून जाळी वर पाहिजे. सिलिंडर असलेल्यांनी उलट करायचं, तो गॅस जड, जमिनीलगत बसतो.

---

पाटा_वरवंटा

निळी_ज्योत यांच्याशी सहमत, आणि मापंही तेच सांगतात.

पूर्ण भिंत गेली की फ्रिज आणि उंच कपाट उभं करायला जागाच उरत नाही. आयलंड भिंतीच्या रेषेत बसेल, पण त्याच्यासमोर स्टूल ठेवायचं तर हॉलच्या १० फुटांतले ३ फूट गेले. सोफ्याचे आणखी ३. उरलेल्या ४ फुटांत टीपॉय, येजा आणि पाहुणे.

आता हॉलकडच्या ९ फुटांचा हिशेब. खिडकीकडून पहिले २ फूट ओट्याच्या टोकाने घेतलेत. कॉलम असला तर तोही तिथेच. पुढचे अडीच फूट फ्रिजला. राहिले साडेचार फूट. तेवढेच उघडा, बीमच्या तळापर्यंत. अडीचचा दरवाजा साडेचारचा होतो, हॉलमधून खिडकीचा उजेड दिसतो, ओट्याशी उभं राहणाऱ्याला हॉलमधलं बोलणं ऐकू येतं. तिथे काचेचे दोन सरकते पल्ले, हॉलच्या बाजूने, वरून टांगलेले. दोन्ही पल्ले एकामागे एक सरकून फ्रिजमागच्या भिंतीवर जातात, म्हणजे साडेचारच्या साडेचार फूट मोकळे. खाली रूळ नको, त्यात पीठ आणि पाणी साचतं आणि सासूबाईंच्या पायाला अडतं. जमिनीत फक्त एक छोटा मार्गदर्शक बसतो.

काच ८ मिलिमीटर टफन्ड. एक पल्ला २८ इंच रुंद धरला तर चौकटीसकट ४० किलोच्या घरात जातो, म्हणून रोलर ८० किलोचे घ्या. बीमला अँकर मारताना ड्रिल सळईला लागलं तर भोक इंचभर बाजूला घ्यायचं, सळई कापायची नाही. पन्हाळीदार काच घ्यायची असेल (आतला पसारा लपतो, चांगली दिसते) तर पन्हाळी हॉलकडे आणि सपाट बाजू किचनकडे ठेवा. तेलाचा थर सपाट काचेवरून एका फडक्यात निघतो, पन्हाळीतून निघत नाही.

बंद करता येणारं किचन म्हणजे जुनाट, असं वाटायचं कारण नाही. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ मानलं जातं ते फ्रँकफुर्ट किचन, १९२६ सालचं, मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगार वस्तीच्या घरांसाठी आखलेलं. ते १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे तुमच्यापेक्षाही अरुंद, आणि त्याला बसायच्या खोलीकडे सरकता दरवाजाच होता.

ओट्याची उंची. मोजायची पद्धत अशी: चप्पल न घालता सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचं आणि त्यातून ४ इंच वजा करायचे. ४ फूट ११ ला हे ३३ इंचांच्या आसपास येईल, ५ फूट ४ ला ३६. सरसकट ३४ घेतलात तर दोघींनाही त्रास. तुमचा ओटा एल आकाराचा आहे, त्याचा फायदा घ्या. ९ फुटांचा भाग, जिथे शेगडी आणि पोळ्या, तो ३३ ठेवा. खिडकीखालचा सिंकचा भाग ३५. सिंकचा तळ ओट्यापेक्षा ८ इंच खाली असतो, भांडी घासताना कंबर तिथेच वाकते, म्हणून सिंक उंचच हवं. कोपऱ्यातल्या २ इंचांच्या पायरीला ग्रॅनाइटची पट्टी येईल. ठरवण्याआधी घरातल्या टेबलावर पुस्तकांची चळत रचून ३३ इंचांवर पोळपाट ठेवा आणि सासूबाईंना दोन पोळ्या लाटू द्या. खांदे वर उचलले जात असतील तर आणखी एक इंच कमी करा.

सिंक आणि हॉब यांच्यात सलग २ फूट मोकळा ओटा पाहिजेच. पोळपाट, परात, चिरणं सगळं तिथेच होतं. हॉबच्या दुसऱ्या बाजूलाही भिंतीपर्यंत फूटभर सोडा, नाहीतर कढईचा कान भिंतीला लागतो. हॉब खिडकीसमोर आणू नका, वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकते. वरची कपाटं ओट्यापासून २० ते २२ इंचांवर. सासूबाईंचा हात साधारण ६ फुटांपर्यंत पोचेल, रोजचं सामान त्याखाली आणि माळ्यावर फक्त सणाची भांडी.

---

ओटा_ट्रॉली

बाकी सगळं पटलं. पायरीवाल्या ओट्याबद्दल एकच सांगतो: मोठं पातेलं सिंककडून हॉबकडे सरकवत नेण्याची सवय असेल तर ते उचलावं लागेल. पण एवढ्या उंचीच्या फरकाला दुसरा इलाज नाही, करा.

पांढरं क्वार्ट्झ नको. त्यात दगडाची भुकटी आणि ७ ते १० टक्के रेझिन असतं. गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकली की रेझिन पिवळं पडतं आणि तो डाग घासून जात नाही. हळदीचं बोट तर पांढऱ्यावर कायमच उठून दिसतं. काळा ग्रॅनाइट १८ मिलिमीटरचा घ्या, गरम भांडं, चिंच, आमसूल, लिंबू सगळं सोसतो. मार्बल अजिबात नको, आंबट पडलं की चमक जाते. हॉबचं भोक कारखान्यात कापून आणू नका. पुढची पट्टी जेमतेम अडीच-तीन इंचांची उरते आणि जिन्यावरून चढवताना तिथेच तडकते. ओटा बसल्यावर जागेवर कापायचं. पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे ओघळलेलं पाणी शटरवर न जाता तिथून ठिबकतं.

प्लायवूड: बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं), शिक्का आयएस ७१० चा. दुकानदार आयएस ३०३ 'पण वॉटरप्रूफच आहे' म्हणून देतात, किचनच्या खालच्या भागाला ते नको. ७१० च्या चाचणीत ७२ तास उकळतात. तुम्ही कापलेला तुकडा दोनतीन तास पाण्यात उकळा, थर सुटायला लागले तर माल परत. पार्टिकल बोर्ड तर घरात आणूच नका. मुंबईच्या पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाची खालची कड आधी फुगते, मग बिजागरीचे स्क्रू ढिले होतात, मग शटर लोंबतं. कारण नेहमी एकच: लॅमिनेट पुढून-मागून लावतात आणि खालची कड, बिजागरीची भोकं, पाइपसाठी पाडलेलं भोक उघडं राहतं. पाणी तिथूनच शिरतं. चारही कडांना एज बँड, भोकांना सिलिकॉन.

सिंकखाली मी प्लायच घेत नाही. दोन उभे कडप्पे, मागची पाटी नाही, पुढे फक्त शटर. बाकी ठिकाणी मात्र उभे कडप्पे नकोत, प्रत्येक जण ट्रॉलीच्या रुंदीतला इंच-सव्वा इंच खातो. कपाटं ४ इंची पायांवर उभी करा आणि खालची पट्टी काढता-घालता येणारी ठेवा. झुरळांचं औषध आणि पोछा आतपर्यंत गेला पाहिजे. तारेच्या ट्रॉल्या घेतल्या तर स्टील ३०४. २०२ ला वर्षा-दोन वर्षांत जोडावर गंज दिसतो. तांदळाचे-पिठाचे डबे ठेवायच्या ड्रॉवरच्या पट्ट्या जड वजनाच्या घ्या, दुकानात वजन विचारा, बाकी ड्रॉवरना साध्या चालतील.

हँडललेस शटर घेऊ नका. तेलकट हाताने कड धरून ओढली जाते आणि तिथलं लॅमिनेट वर्षभरात काळवंडतं.

---

तुळशीकट्टा

खूप आभार सगळ्यांचे. खिडकीकडच्या कोपऱ्यात प्लॅस्टर खरवडून बघितलं, कॉलम तिथेच आहे, साधारण १८ इंच. म्हणजे साडेचार फुटांचा पर्याय बसतो. आयलंड रद्द. दोन गोष्टी अजून: जेवायचं टेबल कुठे ठेवू? आणि डिशवॉशर, मायक्रोवेव्ह, घरघंटी यांच्यासाठी विजेचं काय बघायचं?

---

पाटा_वरवंटा

उघड्या भागाला लागून, पण काचेचे पल्ले ज्या भिंतीवर सरकतात ती भिंत सोडून. तिथे टेबल, फोटो, टीव्ही काहीच टेकवता येणार नाही. दुसऱ्या बाजूला भिंतीला घडीचं टेबल लावा, ४ फूट बाय अडीच, उंची ३० इंच. मिटलं की ८-९ इंच जाड. एका बाजूला बाक, आत साठवण. टेबलावरचा दिवा पिवळसर, ३००० केल्व्हिनचा. ओट्यावर ४००० चा, आणि तो वरच्या कपाटाच्या पुढच्या कडेखाली. मागच्या कडेला लावला तर उजेड टाइल्सवर पडतो आणि चिरताना हाताची सावली भाजीवर.

---

लोखंडी_सळई

विजेचं: या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, २० अँपिअरचा एमसीबी. मिक्सरला ओट्यावर ६ अँपिअरचे दोन पॉइंट, सिंकपासून दोन फूट लांब. सगळ्या किचनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवीच. मुलुंडला वीज महावितरणची, बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो आधी बघा. एसी, गीझर आणि हे सगळं मिळून भार वाढत असेल तर काम सुरू होण्याआधी अर्ज करा.

डिशवॉशर सिंकशेजारीच ठेवा. सांडपाण्याच्या पाइपला फुटामागे पाव इंच उतार लागतो. सहा फूट लांब नेलात तर दीड इंच उतार फरशीखाली मिळणार नाही आणि मग पाइप तुंबतो.

क्रम सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं बिघडतं. वायरिंगची लाइन फिरवणं, मग तोडकाम, मग प्लंबिंग आणि विजेच्या खाचा. महानगर गॅसचं पाइप हलवण्याचं काम टाइल्सच्या आधी, त्यांची तारीख मिळायला वेळ लागतो म्हणून अर्ज सगळ्यात आधी टाका. नंतर ओट्याचा दगड, टाइल्स, फरशी, त्यानंतर ट्रॉल्यांची मापं. हॉब आणि चिमणी घरात आल्याशिवाय भोक कापायचं नाही. काचेचं माप सगळ्यात शेवटी, फरशी बसल्यावर, तीन ठिकाणी घ्या: डावीकडे, मधे, उजवीकडे. बीमचा तळ क्वचितच लेव्हलमध्ये असतो आणि टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की पाव इंचसुद्धा कापता येत नाही.